संस्कृती बुडवायला शिका: वऱ्हाडातल्या नवशिक्यांसाठी

राजेहो, रिटायर होऊन सहा महिने झाले, पेन्शनचे कागद मार्गी लागले, नातवंडं पुण्याला गेली आणि घरातली माणसं तुमचं बोलणं अर्ध्यात तोडून कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागली, तर खचून जाऊ नका. तुम्ही एका मोठ्या कामाला मोकळे झालात. संस्कृतींच्या उदयास्ताचा सिद्धान्त लिहायला घ्या. या धंद्याला भांडवल लागत नाही, गाळा लागत नाही आणि तुम्ही कधी खोटे पडत नाही. भाकीत चुकलं हे कळायला पाचशे वर्षं जातात. तोवर तक्रार करायला गिऱ्हाईकच उरत नाही.

"आपल्याच्यानं होईन का?" ही शंका मनातून काढून टाका. ओस्वाल्ड स्पेंग्लर हा हॅम्बुर्गच्या शाळेतला मास्तर होता, गणित शिकवायचा. नोकरी सोडून तो म्युनिकला जाऊन बसला आणि पश्चिमेचा अस्त जाहीर करणाऱ्या ग्रंथाचा पहिला खंड १९१८ साली बाहेर काढला. दुसरा १९२२ ला आला. पहिला खंड आला त्याच वर्षी जर्मनी महायुद्ध हरली, त्यामुळे अस्ताला उठाव होता. यातून मुहूर्त शिका. आपल्याकडे असा मुहूर्त दरसाल येतो: सोयाबीन निघतं, भाव पडतो आणि अख्खा जिल्हा सगळं बुडालं हे ऐकून घ्यायला तयार असतो.

मी कोण, असं विचाराल. मी या विषयातला जाणकार आहे. दोनशे पानी तीन वह्या आणल्या, आठ वर्षं झाली, एकही खंड बाहेर पडलेला नाही. याहून मोठा अनुभव कोणाकडे असेल तर त्यानं पुढं यावं.

१. आधी गाडीत बसा

घरात बसून सिद्धान्त सुचत नाही, घरात गॅस संपल्याचं सुचतं. या शास्त्रातले सगळ्यात मोठे दुकानदार म्हणजे अर्नोल्ड टॉयन्बी. १९२१ च्या सप्टेंबरात ते कॉन्स्टँटिनोपलहून रेल्वेनं परत निघाले होते. गाडी बल्गेरियातून जात असताना खिडकीबाहेर कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या घातलेले शेतकरी दिसले आणि त्यांनी अर्ध्या कागदावर डझनभर मथळे लिहून काढले. पुढची चाळीस वर्षं ते मथळे भरण्यात गेली. १९३४ ला पहिले तीन खंड, १९६१ ला बारावा.

गाडी मात्र जपून निवडा. बडनेऱ्याहून रात्री सुपरफास्ट धरली तर सकाळी मुंबई येते. एवढ्या वेळात संस्कृतीचा नीट उदयसुद्धा होत नाही. या कामाला आपली शकुंतला उत्तम होती. मूर्तिजापूर ते अचलपूर नॅरोगेज, शहात्तर किलोमीटर. रूळ खाजगी कंपनीचे आणि स्वातंत्र्य मिळालं तरी ते कंपनीचेच राहिले. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला तयार झालं १९२१ साली. म्हणजे ज्या वर्षी टॉयन्बींनी कागद काढला त्याच वर्षी मँचेस्टरात आपलं इंजिन जुळत होतं. अशा योगायोगाला या शास्त्रात पुरावा म्हणतात. वहीत उतरवून घ्या. ते इंजिन १९९४ पर्यंत धावलं, म्हणजे स्पेंग्लरच्या भाकितापेक्षा जास्त वर्षं उपयोगी पडलं.

शकुंतला आता बंद आहे. एसटी धरा. अमरावतीच्या डेपोतून सुटलं की मथळे आपोआप सुचतात: उदय, विस्तार, कलह, अस्त, परतवाडा.

२. संस्कृती मोजा

टॉयन्बींनी जगाच्या इतिहासात एकवीस संस्कृती मोजल्या. हिंदुस्थानच्या वाट्याला दोन आल्या, इंडिक आणि हिंदू. वऱ्हाडाच्या वाट्याला एकही नाही. हा अनुशेष तुम्हीच भरून काढायचा आहे.

सामान भरपूर आहे. वाकाटक घ्या, राष्ट्रकूट घ्या, देवगिरीचे यादव घ्या. मग बहमनी, अचलपूरची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल, निजाम आणि नागपूरकर भोसल्यांचा दुअंमल, एकटा निजाम, इंग्रज, मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५६ चं द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० चा महाराष्ट्र. हे तेरा झाले. तुमच्या ओळखीतला एखादा इतिहासाचा प्राध्यापक म्हणेल की या राजवटी आहेत, संस्कृती नव्हेत. त्याला चहा पाजा आणि विषय बदला. राजवट आणि संस्कृती यांतला फरक सांगत बसलात तर दुसऱ्याच पानावर तुमचा ग्रंथ आटोपेल.

आकडा विषम ठेवा. वीस संस्कृती म्हटलं तर अंदाजपंचे वाटतं, एकवीस म्हटलं तर माणूस मोजून आला असं वाटतं. लग्नातलं आहेराचं पाकीटसुद्धा आपण याच तत्त्वावर भरतो.

बुलढाण्याच्या यादव माधव काळ्यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला. तो मिळवा आणि पाठ दिसेल असा कपाटात उभा करा. उघडू नका. त्यात गावांची नावं आहेत, सनावळ्या आहेत, कोणी कोणाला किती वसूल दिला हे आहे. सिद्धान्ताला सनावळीसारखी दुसरी कीड नाही.

३. आव्हान आणि प्रतिसाद: हे जमलं की निम्मं काम झालं

टॉयन्बींचा मुख्य खिळा हाच. निसर्गानं किंवा शेजाऱ्यानं आव्हान द्यायचं, समाजातल्या मूठभर कल्पक माणसांनी प्रतिसाद द्यायचा, बाकीच्यांनी त्यांच्यामागं जायचं; झाली संस्कृती. मात्र आव्हान बेताचं हवं. फार सोपं असलं तर माणसं आळशी होतात, फार कडक असलं तर खुरटतात.

आव्हान शोधायला लांब जायचं कारण नाही. अकोल्याच्या टॉवर चौकात मे महिन्यात दुपारी दोनला उभं राहा. नाहीतर पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात एखाद्या सोयऱ्याच्या घरी जा. विहिरीला पाणी आहे, बोअरला पाणी आहे, आणि ते तोंडात धरवत नाही. चहा केला तर चहात मीठ पडलंय का म्हणून पाहुणा घरच्या सुनेकडं बघतो आणि सून पाहुण्याकडं. डाळ तासभर शिजते आणि तरी दाणा दाणा वेगळा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं पिढ्यानपिढ्या हे पाणी बघत आली आहेत. एवढं शुद्ध आव्हान नाईल नदीलासुद्धा लाभलं नाही. प्रतिसाद काय आला? वीस लिटरची कॅन. टेम्पो येतो, भोंगा वाजतो, बाया ओट्यावर कॅन ठेवतात. टॉयन्बींच्या भाषेत टेम्पोवाला हा कल्पक अल्पसंख्याक.

आता खरी गोम ऐका. आव्हान बेताचं होतं की जास्त झालं हे आधी कधीच कळत नाही, निकाल लागल्यावर कळतं. संस्कृती उगवली तर आव्हान बरोबर होतं. नाही उगवली तर जास्त झालं असेल, किंवा कमी पडलं असेल. या नियमाला आजवर कोणी खोडून काढू शकलेलं नाही.

मला हा नियम ओळखीचा वाटला आणि कुठं ऐकला ते आठवेना. मग आठवलं. एका वर्षी आमच्या दीड एकरात कपाशी निघालीच नाही. ज्या कृषी केंद्रातून थैल्या आणल्या तिथं गेलो. काउंटरवरचा पोरगा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "काकाजी, बियानं एक नंबर होतं. पाणी जास्त झालं." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. "बियानं एक नंबर होतं, पाणी कमी पडलं." टॉयन्बींना जे मांडायला बारा खंड लागले ते या पोरानं पावती फाडता फाडता सांगितलं, वर जीएसटीही लावला.

४. एकच कारण दोनदा वापरा

नवशिके उदयाला एक कारण शोधतात आणि अस्ताला दुसरं. ही उधळपट्टी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की संतांनी समाज जागा केला, भाषा एक केली, जातीची धार बोथट केली आणि त्या मशागतीवर शिवरायांचं राज्य उभं राहिलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्याच संतांना 'संताळे' म्हटलं आणि टाळ कुटत बसायला लावून देश पांगळा केला असा ठपका ठेवला. संत तेच, अभंग तेच, पंढरपूरही तेच. एकाच्या ग्रंथात उदय झाला, दुसऱ्याच्या ग्रंथात खोळंबला. दोन्ही पंडित थोर, दोघांचेही पुतळे बसवता येतात. तुम्हीही कारण असं निवडा की ते उलटं करून पुन्हा नेसता यावं.

राजवाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नवशिक्यांनी अजिबात उचलू नये. या माणसानं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' बावीस खंडांत छापली. त्यासाठी गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, रद्दीत जाणारी दफ्तरं मिनतवाऱ्या करून सोडवली. पत्रं जशी सापडली तशी छापली, स्वतःच्या मताविरुद्ध जाणारीही. इतकं झिजल्यावर मग त्यांनी वाटेल ते सिद्धान्त मांडले. आपल्याला क्रम उलटा करायचा आहे. सिद्धान्त आधी मांडा. दफ्तरांचं पुढं बघू, तोवर त्यांना वाळवी लागली तर तोही अस्ताचाच पुरावा.

संतांवर लिहिताना वऱ्हाडातल्यांना हात लावू नका. गाडगेबाबा कोणत्याच खान्यात बसत नाहीत. समाजाचं अधःपतन कधी सुरू झालं हे त्यांच्यापुढं मांडायला जाल तर हातात खराटा येईल आणि संध्याकाळपर्यंत गाव झाडावं लागेल. त्यात लिखाणाचा एक दिवस जातो.

५. चार पिढ्यांचं कोष्टक पाठ करा

इब्न खल्दून हा चौदाव्या शतकातला उत्तर आफ्रिकेचा पंडित. १३७७ साली त्यानं आपल्या इतिहासाची प्रस्तावना लिहिली आणि प्रस्तावनाच इतकी गाजली की इतिहास कोणी वाचत नाही. त्याचं गणित सोपं आहे. पहिली पिढी कष्टानं आणि एकीनं सत्ता मिळवते, दुसरीला ते कष्ट पाहून माहीत असतात, तिसरी नुसती परंपरा म्हणून चालवते, चौथी उडवते.

हे गणित अचलपूरला लावा आणि मजा बघा. विजयनगरकडचा एक कानडी मुलगा लढाईत पकडला जातो, मुसलमान होतो, बहमनींच्या चाकरीत चढत चढत वऱ्हाडचा सुभेदार होतो आणि १४९० च्या सुमारास स्वतंत्र होतो. हा फतहुल्ला इमादुल्मुल्क. त्याच्यामागून अलाउद्दीन, मग दर्या, मग बुऱ्हाण. बुऱ्हाणाच्या नावावर तुफालखान कारभार दाबून बसला आणि १५७४ ला अहमदनगरकरांनी दोघांचाही निकाल लावला. मोजा. चार! ना कमी ना जास्त. इब्न खल्दून १४०६ मध्येच वारला होता, त्याला अचलपूर कुठं आहे हे ठाऊक नव्हतं, तरी हिशेब पैचा चुकला नाही. भाषणात हे सांगितलं की हमखास टाळ्या पडतात. मी तीनदा पाडल्या आहेत.

चौथ्यांदा एका पोराने हात वर केला. म्हणाला, सर, हैदराबादचे निजाम सात झाले, १७२४ पासून १९४८ पर्यंत, ते कसं? (ते राज्य उभं राहिलं तेही आपल्याच मातीवर, बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईनं.) अशा वेळी घड्याळाकडं बघा आणि आभारप्रदर्शन सुरू करायला सांगा.

हे कोष्टक घरगुती वापरालाही चालतं. आजोबांनी जिनिंग टाकलं, बापानं बंगला बांधला, मुलानं बंगल्याच्या खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास भाड्यानं ठेवला, नातू त्याच क्लासात शिकून हिंजवडीला गेला. हा अस्त झाला की उदय, ते नातवाच्या पॅकेजवर ठरवा.

६. रानटी लोक नेमून घ्या

अस्ताला बाहेरचे रानटी लागतातच. टॉयन्बी त्यांना बाहेरचा सर्वहारा म्हणतात, म्हणजे ऐकायला जरा बरं वाटतं. अमरावतीकरांना हे काम फार सोपं आहे, कारण आपल्याकडं परकोट आहे. १८०७ च्या सुमारास निजामाच्या अंमलात पेंढाऱ्यांपासून शहरातले सावकार आणि व्यापारी वाचावेत म्हणून तो बांधला. त्याची रेघ धरा: आत संस्कृती, बाहेर रानटी.

यात एकच अडचण आहे. गाव कधीच परकोटाबाहेर सांडलं. कॅम्पातले बंगले बाहेर, साईनगर बाहेर, विद्यापीठ बाहेर. शास्त्रानुसार हे सगळे पेंढारी ठरतात. साईनगरात जाहीर व्याख्यान असेल तर हा भाग गाळा.

७. निर्णायक लढाई

इथं फार वेळ घालवू नका, कारण आपल्याकडच्या लढाया सिद्धान्ताला नीट साथ देत नाहीत. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातलं अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या काही पलटणी पहिल्याच तोफेच्या माऱ्याला पळत सुटल्या, त्यानं त्या परत वळवल्या, आणि भोसले लढाई हरले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. बारा वर्षांनी याच माणसानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. वॉटर्लूवर कपाटं भरतील एवढी पुस्तकं आहेत. अडगावला थांबणाऱ्या एसटीची पाटी आहे.

आता गाविलगड पडल्यावर वऱ्हाडाचा अस्त झाला असं लिहायला बसाल तर पुढचं पान तुम्हाला दगा देईल. १८५३ ला निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मग अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस बंद झाला, १८६१ ते १८६५ इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण खरी वाटायला लागली. चार वर्षांत अमेरिका शुद्धीवर आली, भाव आपटला. राज्य कोणाचंही असो, बैलगाडी बाजाराकडंच जात होती. १९०२ ला कर्झननं पंचवीस लाख रुपये सालाच्या खंडानं वऱ्हाड कायमचं घेतलं. शेत खंडानं देतात तसं. आणि १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला इंग्रजांनी पदवी दिली, 'प्रिन्स ऑफ बेरार', वऱ्हाडचा राजपुत्र. वऱ्हाड मात्र स्वतःकडंच ठेवलं. सातबारा एकाच्या नावावर, वहिती दुसऱ्याची: तलाठ्याला कळतं, तत्त्वज्ञाला कळत नाही. हा सगळा भाग 'संक्रमणकाळ' या एका शब्दात आटोपा.

गाविलगडावर मात्र एकदा जाऊन या. चिखलदऱ्याला भाजलेलं कणीस मिळतं, तिथलीच कॉफी मिळते, आणि तटावर जोडपी रील काढत असतात. पाठीमागं उभे राहिलात तर फुकटात अवशेष म्हणून रीलमध्ये याल.

८. जे बसत नाही त्याचं काय करायचं

टॉयन्बींनी याची सोय करून ठेवली आहे. यहुदी आणि पारशी त्यांच्या कोष्टकात कुठंच बसेनात, तर त्यांनी सांगितलं की हे मेलेल्या संस्कृतीचे जीवाश्म आहेत. जिवंत माणसाला जीवाश्म म्हणायला छाती लागते, पण कोष्टक वाचतं. आपल्या मेळघाटातले कोरकू वाकाटकांच्या काळी कोणाच्या यादीत होते, ठाऊक नाही. त्यांची भाषा ना मराठीच्या गोत्रातली ना तेलुगूच्या, तिचे सोयरे पार झारखंडातल्या मुंडारीकडं. तेराही राजवटी डोंगराखालून निघून गेल्या आणि ते वर कुटकी पेरत राहिले. त्यांच्याकडं बघूच नका. एकदा बघितलं की 'अस्त कोणाचा झाला?' असा प्रश्न पडतो आणि प्रश्न पडलेल्या माणसाला खंड लिहिता येत नाही.

माझं नेमकं इथंच बिनसलं. ते सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल.

अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. वाकाटकांच्या दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट तिथं सापडले. पाचव्या शतकातला राजा, राज्याचं अठरावं वर्ष, आणि मधुनदीच्या काठचं चर्मांक हे गाव आठ हजार भूमींसह एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचा मजकूर. वर अटी: राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, परस्त्रीकडं जाऊ नये, लढाई करू नये, शेजारच्या गावांचा अपराध करू नये. वागले तर चंद्र-सूर्य असेपर्यंत गाव तुमचं. नाहीतर राजानं ते परत घेतलं तर ती चोरी समजू नये. दानपत्राला इतक्या अटी मी तरी बँकेच्या कर्जाशिवाय कुठं पाहिल्या नाहीत. आणि हजार ब्राह्मण म्हणून झाल्यावर नावांची यादी येते. ती एकोणपन्नासवर संपते. सभेला हजाराचा जनसमुदाय आणि सह्या एकोणपन्नास, ही आपली जुनी परंपरा आहे तर.

माझ्या सिद्धान्तात हे गाव 'उदय' या प्रकरणाचा पाया होतं. म्हणून मी परवा, डिसेंबरातल्या एका सकाळी वही घेऊन तिकडं गेलो. शेतात वेचणी चालली होती. बाया रांगेनं, कमरेला ओटी बांधून, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत पुढं सरकत होत्या. कोरड्या बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडलेली, काहींनी त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. धुऱ्यावर उभा राहून मी घसा साफ केला आणि म्हणालो, "बाई, तुमच्या या गावाले दीड हजार वर्षांआधी मोठा मान होता. राजानं सारं गाव दान देल्लं होतं."

"कोनाले?" एकीनं मान वर न करता विचारलं.

"हजार ब्राह्मणांले."

ती थांबली. ओटीतला कापूस दाबून बसवला. "हजार?" म्हणाली. "मंग वेचाले कोन होतं?"

मी वहीची पानं चाळली. रानड्यांचं टिपण होतं, खल्दूनचं होतं, टॉयन्बींचं तर वीस पानं होतं. वेचायला कोण होतं हे कुठंच नव्हतं. ताम्रपटातही नाही. त्यात गवत, कोळसा, मीठ, भूमीत पुरलेलं धन यांवरच्या हक्कांची नीट नोंद आहे.

संध्याकाळी धुऱ्यावर वजनकाटा टांगला. शेतमालकाचा चष्मा घरी राहिला होता. माझ्या हातात वही-पेन बघून तो म्हणाला, "गुरुजी, तुमीच लिवा." मी लिहीत गेलो. एकेक बाई ओझं काट्याला लावायची, नाव सांगायची, मी नावापुढं किलो लिहायचो. अर्ध्या किलोवरून एकदा भांडण झालं, पुन्हा मोजलं, मी आकडा खोडून दुसरा लिहिला. एकोणीस बाया होत्या. एकोणीस नावं झाली.

नवशिक्यांनो, हे टाळा. गावात जायचंच असेल तर वही पिशवीत ठेवा.

९. टीकाकार, मास्तर आणि माफी

ग्रंथ निघाल्यावर टीकाकार येतीलच. पीटर गेल नावाच्या डच इतिहासकारानं १९४८ ला बीबीसीवर टॉयन्बींना समोरासमोर धरलं. त्याचा मुद्दा एवढाच की तुम्ही सिद्धान्ताला सोयीचे दाखले तेवढे उचलता. तुमच्यावर हा आरोप झाला तर सांगा की अस्ताच्या काळात टीकाकार वाढतात, हे आठव्या प्रकरणात नमूद आहे.

खंड कोणी वाचणार नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. टॉयन्बींचेही कोणी वाचत नव्हतं. सॉमरवेल नावाच्या एका शाळामास्तरानं, कोणी सांगितलं नसताना, पहिल्या सहा खंडांचा एकच खंड करून ठेवला. १९४६ ला तो छापला आणि हातोहात खपला. पुढच्याच वर्षी टॉयन्बी 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकले. म्हणून एक मास्तर हाताशी ठेवा. संक्षेप करण्याची सवय असलेले मास्तर अकोल्यात गाईडांच्या धंद्यात पुष्कळ सापडतील.

शेवटी माफीचा खंड. १९६१ च्या बाराव्या खंडाचं नावच 'फेरविचार'. टीकाकारांचे आक्षेप घेऊन टॉयन्बींनी त्यात आपलीच बरीच मतं दुरुस्त केली, संस्कृतींची यादीही बदलली. म्हातारपणी एवढा प्रामाणिकपणा दाखवायला मोठं मन लागतं, यात चेष्टा नाही. पण धंद्याच्या दृष्टीनं नोंद घ्या की माफी बाराव्या खंडात मागायची असते. पहिल्यातच मागितली तर पुढचे अकरा विकले जात नाहीत.

एवढी तयारी झाली असेल तर वह्या माझ्याकडून घेऊन जा. दोन आहेत. पहिलीत तेरा राजवटींचं कोष्टक आणि टाळ्यांच्या जागा खुणा करून ठेवल्या आहेत. दुसरी जवळजवळ कोरी आहे, किराणा लिहायला चालेल. तिसरी देता येणार नाही. तिच्यात एकोणीस बायांचे किलो आहेत, आणि वेचाई बाजाराच्या दिवशी वाटायची आहे.